बंदी असलेला माल सीमेपार जातो कसा? न्हावा शेव्यात अडवलेल्या एका यंत्राची गोष्ट



बातम्यांत आपण दोन वाक्यं एकाच दिवशी ऐकतो. पहिलं, "अमुक देशावर कडक निर्बंध, लष्करी तंत्रज्ञान मिळणार नाही." दुसरं, "त्याच देशाच्या पाडलेल्या ड्रोनमध्ये अमेरिकन आणि जपानी भाग सापडले." पाचवी-सहावीतलं कोणतंही चौकस पोरगं यावर विचारणारच की मॅडम, बंदी होती तर मग गेलं कसं? २०२५ च्या मे महिन्यापासून तर आमच्या हट्ट्याच्या पोरांच्या तोंडी ड्रोन, मिसाइल, एस-४०० हेच शब्द आहेत. पाठ्यपुस्तकात याचं उत्तर मिळत नाही आणि मोठ्यांच्या गप्पांमध्ये "सगळे आतून मिळालेले असतात" असं म्हणून विषय संपतो. मला ते उत्तर अपुरं वाटतं. कारण माल जातो तो बहुतेक वेळा उघड्या दारानं, शिक्का मारलेल्या कागदासोबत जातो. तो कागद नीट वाचायला शिकलो तर अर्धी गोष्ट कळते. म्हणून आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणापासून सुरुवात करू.

न्हावा शेवा, २३ जानेवारी २०२४

उरणजवळचं न्हावा शेवा म्हणजेच जवाहरलाल नेहरू बंदर. देशातल्या कंटेनर वाहतुकीचा मोठा हिस्सा इथून ये-जा करतो. 'सीएमए सीजीएम अटिला' नावाचं, माल्टा देशाचा झेंडा लावलेलं एक जहाज चीनच्या शेकोऊ बंदरातून निघून कराचीला चाललं होतं. वाटेत ते न्हावा शेव्याला थांबलं. खबर मिळालेली असल्यामुळे सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्यातला एक माल अडवला. वजन २२,१८० किलो. आत एका इटालियन कंपनीनं बनवलेलं सीएनसी यंत्र होतं. संरक्षण संशोधन संस्थेच्या, म्हणजे डीआरडीओच्या तज्ज्ञांनी ते तपासलं आणि पाकिस्तानच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमात त्याचा उपयोग होऊ शकतो असं मत दिलं. बातमी बाहेर आली ती मार्चच्या सुरुवातीला.

आता त्या मालाचे कागद बघू. आपल्याकडे वसमतच्या मोंढ्यातून हळद ट्रकमध्ये भरली की बिल्टी निघते. पाठवणारा कोण, घेणारा कोण, माल काय, वजन किती. जहाजाच्या मालाचीही अशीच बिल्टी असते. या मालाच्या बिल्टीवर पाठवणारी म्हणून 'शांघाय जेएक्सई ग्लोबल लॉजिस्टिक्स' आणि घेणारी म्हणून सियालकोटची 'पाकिस्तान विंग्ज' अशी नावं होती. तपास यंत्रणांनी खोदून पाहिलं तेव्हा त्यांच्या म्हणण्यानुसार खरी पाठवणारी 'तैयुआन मायनिंग इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट' ही कंपनी निघाली आणि खरी घेणारी 'कॉसमॉस इंजिनिअरिंग' नावाची पाकिस्तानी कंपनी. हे कॉसमॉस नाव अधिकाऱ्यांना नवं नव्हतं. १२ मार्च २०२२ ला याच बंदरात तिच्यासाठी चाललेली इटालियन बनावटीची उपकरणं अडवली होती, तेव्हापासून ती नजरेखालच्या यादीत होती.

म्हणजे यंत्र लपवलेलं नव्हतं. ते सव्वाबावीस टनांचं धूड लपवणार तरी कुठे? लपवलं होतं ते नाव.

पाकिस्तानची बाजूही मुलांना सांगावी असं मला वाटतं. त्यांच्या परराष्ट्र खात्यानं सांगितलं की हे साधं व्यापारी लेथ यंत्र आहे, कराचीच्या एका खासगी कंपनीनं मागवलंय, ती मोटारगाड्यांचे सुटे भाग बनवते, आणि भारतानं मुक्त व्यापारात अडथळा आणलाय. एकाच यंत्राबद्दल दोन देश दोन गोष्टी सांगतात. आणि अडचण अशी की त्या यंत्रावर ही दोन्ही कामं होऊ शकतात.

एकच यंत्र, दोन कामं

तुमच्यापैकी कित्येकांचा भाचा, पुतण्या, मुलगा आयटीआय करून भोसरीला किंवा चाकणला सीएनसी ऑपरेटर असेल. त्याला विचारा. संगणकात आकडे भरले की यंत्र धातू कापतं, अगदी केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरकानं, आणि हजारावा तुकडाही पहिल्यासारखाच निघतो. मोटारसायकलचा गिअर असाच बनतो. क्षेपणास्त्रातला एखादा सुटा भागही असाच बनतो. यंत्राला काही कळत नाही की आपण काय कापतोय. अशा वस्तूंना 'दुहेरी वापराच्या वस्तू' म्हणतात. तोफ किंवा बॉम्ब विकण्यावर बंदी घालणं त्या मानानं सोपं, कारण तोफेनं दुसरं काही करता येत नाही. खरी डोकेदुखी या दुहेरी वस्तूंची असते.

शीतयुद्धाच्या काळातलं एक उदाहरण यासाठी प्रसिद्ध आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तोशिबा मशीन कंपनीनं सोव्हिएत रशियाला मोठी मिलिंग यंत्रं विकली, त्यांना लागणारी संगणकी नियंत्रणं नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीनं दिली. पाश्चिमात्य देशांच्या यादीप्रमाणे इतकी अचूक यंत्रं रशियाला द्यायला मनाई होती. मग परवान्याच्या अर्जात ती साधी, कमी ताकदीची यंत्रं म्हणून दाखवली. लेनिनग्राडच्या गोदीत त्यांवर पाणबुड्यांचे पंखे घडवले गेले. पंख्याची पाती जितकी गुळगुळीत, तितका पाण्यात आवाज कमी, आणि आवाजावरूनच तर पाणबुडी सापडते. १९८७ साली हे उघडं पडलं तेव्हा अमेरिकेच्या काही खासदारांनी संसदेसमोरच्या हिरवळीवर तोशिबाचा रेडिओ घणानं फोडला. रेडिओचा बिचाऱ्याचा काय दोष! पण राग कुठेतरी निघतोच.

पुढे १९९६ मध्ये अशा वस्तूंवर लक्ष ठेवायला वासेनार करार झाला. सीएनसी यंत्रं तेव्हापासून त्याच्या यादीत आहेत. भारत त्यात डिसेंबर २०१७ ला सामील झाला.

म्हाताऱ्यांना कापसाचं विचारा

बंदी घातली की काय होतं हे समजायला चीन-रशियापर्यंत जायची गरज नाही. घरात सत्तरी-पंचाहत्तरीचं कुणी असेल तर त्यांना कापूस एकाधिकार खरेदीचं विचारा. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस सरकारी योजनेतच घालायचा, राज्याबाहेर विकायचा नाही असा नियम होता. पण ज्या वर्षी शेजारच्या राज्यात भाव जास्त असायचा त्या वर्षी रात्रीच्या गाड्या सीमेपलीकडे जायच्याच. विदर्भ-मराठवाड्याच्या कडेच्या गावांत हे सगळ्यांना माहीत होतं. नाक्यावर अडवायला माणसं होती. पण भावातला फरक मोठा झाला की नवी वाट निघायची, नवा मध्यस्थ उभा राहायचा, आणि त्या मध्यस्थाचं कमिशन भावात मिसळायचं.

लष्करी मालाचं अर्थशास्त्र याहून वेगळं नाही. कापूस नेणारा शेतकरी पोटासाठी नेत होता आणि क्षेपणास्त्राचा भाग नेणारा त्यासाठी नेत नाही, हा फरक मी विसरत नाही. पण यंत्रणा तीच. बंदी आली की वस्तूची किंमत चढते, आणि किमतीतला फरक हीच मध्यस्थाची मजुरी. युद्धातला देश तर कितीही मोजायला तयार असतो, कारण त्याला भाव परवडतो की नाही हा प्रश्नच नसतो, आघाडीवर माल पोचला पाहिजे एवढंच त्याला दिसतं.

नाव बदला, रस्ता बदला

माल अडवला जाऊ नये म्हणून तीन गोष्टी बदलल्या जातात: वस्तूचं नाव, मालकाचं नाव आणि रस्ता. मालकाचं नाव कसं बदलतात ते वर आलंच.

वस्तूचं नाव बदलण्याची दोन उदाहरणं गुजरातच्या कांडला बंदरातली आहेत. जून १९९९, कारगिलचं युद्ध चालू होतं. 'कू वोल सान' नावाचं उत्तर कोरियाचं जहाज साखर उतरवायला कांडल्याला आलं. त्यातल्या इतर पेट्यांवर कागदोपत्री 'पाणी शुद्ध करण्याची यंत्रं' असं होतं. उघडल्यावर क्षेपणास्त्रं बनवायचे भाग आणि नकाशे निघाले. दुसरं फेब्रुवारी २०२० मधलं. चीनहून कराचीकडे निघालेलं 'दा क्यूई युन' जहाज कांडल्याला थांबलं, त्यावर एक प्रचंड मोठी टाकी होती. कागदावर लिहिलं होतं 'औद्योगिक ड्रायर'. तपासणाऱ्यांच्या मते तो ऑटोक्लेव्ह होता, म्हणजे आपल्या कुकरचाच राक्षसी भाऊ. दाब आणि उष्णता देऊन मजबूत भाग पक्के करायला तो लागतो, आणि क्षेपणास्त्राच्या मोटारीसाठीही तो चालतो.

रस्ता बदलण्याचं उदाहरण मात्र मला आपल्या इतिहासातलंच द्यायचंय, कारण ते वर्गात फारसं सांगितलं जात नाही. १९६५ च्या युद्धात अमेरिकेनं भारत आणि पाकिस्तान दोघांचाही शस्त्रपुरवठा थांबवला. पाकिस्तानला त्याचा फटका जास्त बसला, त्यांचं बहुतेक सामान अमेरिकन होतं. मग १९६६ मध्ये काय झालं? पश्चिम जर्मनीकडे वापरातून काढलेली सेबर लढाऊ विमानं होती. त्यातली ९० विमानं इराणनं विकत घेतली. कागदावर विक्री जर्मनी ते इराण, एकदम स्वच्छ. विमानं पोचली पाकिस्तानात. भारतानं विचारलं तेव्हा, ती दुरुस्तीसाठी गेली आहेत असं सांगण्यात आलं. ९० विमानं एकदम दुरुस्तीला! १९७१ च्या युद्धात ही सेबर विमानं पाकिस्तानच्या हवाई दलात होती.

१९७१ ची गोष्ट तर आणखी पुढची. तेव्हाही पाकिस्तानला अमेरिकन शस्त्रं देण्यावर बंदी होती आणि अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे, जे शस्त्र अमेरिका स्वतः देऊ शकत नाही ते मित्रदेशानंही पुढे देता येत नाही. डिसेंबर १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांनी जॉर्डन आणि इराणमार्फत विमानं पाठवायला आतून संमती दिली. हे कायद्याविरुद्ध आहे असं त्यांच्याच अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. तरी जॉर्डनची दहाएक एफ-१०४ विमानं पाकिस्तानला गेली. हे आरोप नाहीत, त्या संभाषणांच्या नोंदी पुढे अमेरिकेच्याच सरकारनं छापल्या. थोडक्यात, बंदी घालणाऱ्यानंच ती चुकवली. म्हणून निर्बंधांची बातमी वाचताना बंदी कुणी मोडली एवढंच पाहून चालत नाही, ती पाळायची इच्छा कुणाला किती होती हेही पाहावं लागतं.

बोटावर मावणारा माल

२२ टनांचं यंत्र अडवता येतं. आता नखाएवढ्या चिपचा विचार करा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि अमेरिका, युरोप, जपान यांनी रशियाला प्रगत इलेक्ट्रॉनिक्स देणं बंद केलं. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री जिना रायमोंडो यांनी त्यांच्या संसदेत सांगितलं की युक्रेनला सापडलेल्या रशियन लष्करी सामानात भांडी धुण्याच्या यंत्रांतल्या आणि फ्रिजमधल्या चिप निघतायत. ऑगस्टमध्ये लंडनच्या रुसी या अभ्यास संस्थेनं २७ रशियन शस्त्रप्रणाली उघडून पाहिल्याचा अहवाल दिला. त्यात परदेशी बनावटीचे किमान ४५० वेगवेगळे भाग होते, बरेचसे अमेरिकन. ओर्लान-१० या टेहळणी ड्रोनमध्ये तर जपानी कॅनन कंपनीचा, दुकानात मिळतो तसा कॅमेरा होता.

या वस्तू जगभर कोट्यवधींच्या संख्येनं विकल्या जातात. कारखान्यातून निघालेली चिप आधी वितरकाकडे जाते, तिथून दुसऱ्या व्यापाऱ्याकडे, मग हाँगकाँग, इस्तंबूल किंवा दुबईतल्या एखाद्या छोट्या ऑफिसात. त्या ऑफिसचं वय कधी कधी चार महिने असतं. बनवणाऱ्या कंपनीला पहिला गिऱ्हाईक माहीत असतो, चौथा नसतो. युद्ध सुरू झाल्यावर किर्गिझस्तान, आर्मेनिया, कझाकस्तान या रशियाच्या आसपासच्या देशांची युरोपातून होणारी आयात एकाएकी फुगली. त्या देशांतले लोक अचानक इतके फ्रिज वापरायला लागले नव्हते.

मग पकडायचं कसं? त्यासाठी एक आकडा कामाला येतो. जगातल्या प्रत्येक व्यापारी मालाला सहा आकडी सांकेतिक क्रमांक असतो, त्याला एचएस कोड म्हणतात. आपल्या हळदीचा ०९१०.३०. चिपचा ८५४२ नं सुरू होतो. अमेरिका, युरोप, ब्रिटन आणि जपान यांनी मिळून अशा सुमारे ५० क्रमांकांची यादी केली, युद्धात सगळ्यात जास्त लागणाऱ्या वस्तूंची. कोणत्या देशात कोणता क्रमांक एकदम वाढला हे त्यावरून बघता येतं. हाजरीपत्रकात एका पोराची शंभर टक्के हजेरी दिसली की आपण जसं जरा निरखून बघतो, तसंच.

या यादीच्या आधारानं बोट आपल्याकडेही वळलं. ३० ऑक्टोबर २०२४ ला अमेरिकेनं जगभरातल्या सुमारे ४०० व्यक्ती आणि कंपन्यांवर निर्बंध जाहीर केले, त्यात भारतातल्या १९ कंपन्या होत्या. एक होती मुंबईची श्रेया लाइफ सायन्सेस. अमेरिकेच्या अर्थखात्याचं म्हणणं असं की २०२३ पासून या कंपनीनं अमेरिकी ट्रेडमार्क असलेल्या तंत्रज्ञानाचे शेकडो माल रशियातल्या कंपन्यांना पाठवले. नावावरून तुम्ही ओळखलंच असेल, कंपनी औषध क्षेत्रातली.

यावर भारत सरकार काय म्हणालं तेही पाहा. परराष्ट्र खात्याच्या म्हणण्याप्रमाणे या कंपन्यांनी भारताचा कोणताही कायदा मोडल्याचं दिसत नाही. हे उत्तर ऐकायला उडवाउडवीचं वाटतं, पण त्यामागे खरा कायदेशीर मुद्दा आहे. निर्बंध दोन प्रकारचे असतात. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं घातलेले, ते सगळ्या सदस्य देशांना बंधनकारक. उत्तर कोरियावरचे तसे आहेत. आणि दुसरे एखाद्या देशानं किंवा काही देशांनी मिळून घातलेले. रशियावरचे निर्बंध दुसऱ्या प्रकारचे आहेत, कारण सुरक्षा परिषदेत रशियाकडेच नकाराधिकार आहे. भारत असे एकतर्फी निर्बंध मानत नाही. त्यामुळे जी गोष्ट वॉशिंग्टनमध्ये बंदी मोडणं ठरते ती मुंबईत रीतसर निर्यात ठरू शकते. वर्गात "निर्बंध" हा शब्द आला की पहिला प्रश्न हाच लिहून घ्यावा: घातले कुणी?

बँकेचं मात्र तसं नाही. व्यापारी डॉलरशिवाय राहू शकेल, मोठी बँक राहू शकत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेनं जाहीर केलं की रशियाच्या युद्धसामग्रीचे पैसे फिरवणाऱ्या परदेशी बँकाही कारवाईत येतील. त्यानंतर तुर्कस्तान, अमिराती आणि चीनमधल्या कित्येक बँकांनी रशियाचे व्यवहार लांबवले किंवा नाकारले. माल अडवायला हजार बंदरं बघावी लागतात, पैसा मोजक्याच दारांतून जातो.

आपणही बंदीच्या त्या बाजूला होतो

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की बंदी चुकवणारे ते वाईट आणि घालणारे ते चांगले. इतकं सरळ नाही. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कितीतरी तंत्रज्ञान भारताला नाकारलं गेलं. १९८० च्या दशकात आपल्याला क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर हवा होता. अमेरिकेनं हव्या त्या ताकदीचा दिला नाही, हवामानाच्या कामासाठी कमी ताकदीचा दिला, तोही अटी घालून. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक संस्था उभी राहिली आणि अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यांनी काय केलं? इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या चिप बाजारात मिळत होत्या. एकटी चिप काही सुपरकॉम्प्युटर नव्हती, त्यामुळे तिच्यावर अडवणूक नव्हती. अशा अनेक चिप एकत्र जोडून त्या सगळ्यांना एकाच कामाला लावायचं कसं, ते डोकं पुण्याचं.

खोटी बिल्टी नाही, खोटं नाव नाही, तरी बंदीचा उद्देश बाजूला राहिला. हा रस्ता लांबचा आणि मेहनतीचा, पण माझ्या मते बंदीला दिलेलं हेच सगळ्यात पक्कं उत्तर, कारण त्यात उद्या कुणी जहाज अडवील अशी भीती राहत नाही.

मग निर्बंधांचा उपयोग होतो की नाही? होतो, पण बातम्यांत सांगतात तसा नाही. पाझरणाऱ्या बंधाऱ्यासारखं ते आहे. पाणी पूर्ण थांबत नाही, पण खाली कमी पोचतं, उशिरा पोचतं आणि गढूळ पोचतं. युद्धातल्या देशाला तीच चिप दुप्पट-तिप्पट पैसे देऊन घ्यावी लागते, चार मध्यस्थांच्या हातून आलेली खरी की खोटी याची खात्री नसते, आणि यंत्र आलं तरी त्याची दुरुस्ती करायला कंपनीचा माणूस येत नाही. जो देश हे सगळं सोसायला तयार आहे त्याचं युद्ध निर्बंधांनी थांबल्याचं मला तरी दिसलं नाही.

हट्ट्यातल्या घराशी याचा काय संबंध?

आहे, आणि पालकांनी हा भाग जरा सावकाश वाचावा.

या साखळीत देशांची नावं मोठी असतात, पण कागदावरची सही एका माणसाची असते. आपली मुलं-मुली बारावी, आयटीआय, पदवी करून पुण्या-मुंबईला जातात. कुणी भिवंडीच्या गोदामात, कुणी न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात, कुणी एक्स्पोर्टच्या ऑफिसात कागद भरायला. परदेशातून नाजूक वस्तू मागवताना 'अंतिम वापर' प्रमाणपत्र द्यावं लागतं: ही वस्तू आम्हीच वापरणार, अमुक कामासाठी, पुढे देणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीतल्या विमानभागांच्या एका व्यापाऱ्याला अमेरिकेत मायामीला उतरताच अटक झाली. आरोप असा की हेलिकॉप्टर-विमानांना दिशा दाखवणारं एक उपकरण भारतातल्या कंपनीसाठी, नागरी हेलिकॉप्टरसाठी हवंय असं सांगून ते रशियाला पाठवायचा बेत होता. माल अमेरिकेतून निघालाही नव्हता. खटला उभा राहिला तो कागदावर लिहिलेल्या वाक्यावरून.

दुसरी गोष्ट नावाची. "आधार-पॅन दे, तुझ्या नावावर कंपनी काढतो, महिन्याला पाच हजार घरबसल्या." जीएसटीच्या घोटाळ्यांत मजुरांच्या नावावर कंपन्या निघाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. लष्करी मालाच्या व्यापाराला तर अशा कोऱ्या, इतिहास नसलेल्या नावांची गरजच असते. आणि आपला कायदा यात मऊ नाही. भारतातून बाहेर जाणाऱ्या दुहेरी वापराच्या वस्तूंची 'स्कोमेट' नावाची यादी आहे, परदेशी व्यापार महासंचालनालय ती काढतं, ० ते ८ अशा गटांत. त्यातली वस्तू परवान्याशिवाय बाहेर पाठवणं गुन्हा आहे. २००५ चा सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा कायदा याहून कडक आहे, आणि त्यात आपल्या बंदरातून फक्त पुढे जाणारा मालही येतो. तेव्हा मुलाला सांगताना "भानगडीत पडू नको" एवढंच सांगू नका. बिल्टीवर जे लिहिलंय ते पेटीत आहे का, आणि नसेल तर सही करायची नाही, असं स्पष्ट सांगा.

वर्गात कसं घ्यावं

मी हे पाचवीला एका तासिकेत घेतलं. साहित्य: लाल खडू, चिठ्ठ्या, दोन पाट्या. वर्गाच्या तीन रांगा म्हणजे तीन देश. रांगांना भारत, पाकिस्तान अशी नावं अजिबात देऊ नका, भांडणं होतात आणि विषय राहतो बाजूला. हळद, ज्वारी, कापूस अशी नावं चालतात. नियम एकच, हळद रांगेनं कापूस रांगेला लाल खडू द्यायचा नाही. मध्ये दोन मुलं सीमाशुल्क अधिकारी. प्रत्येक वस्तूसोबत बिल्टी हवी: कुणाकडून, कुणाला, काय, किती.

पहिल्या फेरीत अधिकाऱ्यांनी फक्त चिठ्ठी वाचायची. दोन मिनिटांत लाल खडू ज्वारी रांगेतून कापसाकडे गेले. एका मुलीनं चिठ्ठीवर 'रांगोळीचा रंग' असं लिहिलं होतं, हे कुणी शिकवलं नव्हतं तिला. दुसऱ्या फेरीत अधिकाऱ्यांना तीन प्रश्न विचारायची मुभा दिली: खरं वापरणार कोण? एवढे कशाला लागतात? मागच्या वेळी घेतलेले कुठे गेले? आता बरेच अडकले. पण रांग इतकी लांबली की ज्यांना फळ्यासाठी पांढरे खडू न्यायचे होते तीही पोरं अडकली आणि ओरडायला लागली. तिथं थांबून वर्गाला विचारा की आता नियम कसा करायचा. आमच्याकडे यावर घंटा होईपर्यंत एकमत झालं नाही. काहींचं म्हणणं सगळ्यांना तपासा, काहींचं म्हणणं ज्याची चिठ्ठी नवीन नावाची आहे त्यालाच थांबवा. सहावी-सातवीला घेणार असाल तर तिसरी फेरी जोडा: पैशांच्या चिठ्ठ्या फक्त एकाच मुलाकडून, म्हणजे बँकेकडून जातील असं ठेवा आणि त्याला नाही म्हणायचा अधिकार द्या. चिठ्ठ्या घरूनच कापून आणाव्या लागतात, नाहीतर पंधरा मिनिटं त्यातच जातात.